शेवटचा माणूस

४ जून

ताई,

नमस्कार, आणि सोबत एक तक्रार. तू तेहेतीस वर्षं लोकांच्या पोरांना इंग्रजी शिकवलंस आणि सख्खा भाऊ कोरडा ठेवलास. आता बासष्टाव्या वर्षी मी संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलंय. वर्गात मी सोडून सगळे पंचविशीच्या आतले. बाई तर माझ्या मुलीच्या वयाची आहे. पहिल्या दिवशी मी दारात उभा राहिलो, तर तिला वाटलं फळा रंगवायला माणूस आलाय.

कारण म्हणशील तर नातू. परवा फोनवर मी त्याला म्हटलं, एक गोष्ट सांगतो. तो म्हणाला, ‘आय अ‍ॅम ऑल इअर्स.’ मला तेवढा कानच कळला. सुनेला म्हटलं, अगं, पोराचा कान दुखतोय, थेंब घाल. ती इतकी हसली की पोरगाही हसायला लागला. माझी गोष्ट राहिलीच. त्या दिवशी ठरवलं.

शिकतोय खरा, पण ही भाषा माणसाला वेडं करील. दूध ‘ऑफ’ गेलं म्हणजे नासलं, दिवा ‘ऑफ’ गेला म्हणजे विझला, आणि घंटा ‘ऑफ’ गेली म्हणजे वाजली! एकाच शब्दानं तीन जणांची तीन तोंडं. आणि मी आयुष्यभर हीच अक्षरं रंगवली. गिऱ्हाईक कागदावर लिहून द्यायचं, मी पाटीवर उतरवायचो. काय लिहिलंय ते विचारायची लाज वाटायची. अक्षर मात्र माझ्यासारखं कुणाचं नाही, हे बाईसुद्धा म्हणाली.

फोनवर विचारलं तर तू सांगतेस आणि मी विसरतो. कागदावर असलं की उशाशी ठेवता येतं. म्हणून पत्र.

आणखी एक. माळा साफ करताना बाबांचा पत्र्याचा डबा सापडला. कारखान्याचे कागद आहेत. साहेबाच्या हातची इंग्रजी पत्रंही आहेत. बाई म्हणते, पुस्तकापेक्षा घरातलं काही वाचा, लवकर जमतं. तर तेच वाचायला घेतो. अडलं की तुला लिहीन.

तुझा,
ठोंब्या

१२ जून

प्रिय ठोंब्या,

अनेक आशीर्वाद. पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा हसले. फळा रंगवायला आलेला माणूस!

‘ऑफ’चं म्हणशील तर तिन्ही ठिकाणी काहीतरी आपली मूळ जागा सोडून जातं, एवढं धर. दूध आपला चांगुलपणा सोडतं, दिवा उजेड सोडतो, घंटा गप्प राहणं सोडते. व्याकरणाच्या पुस्तकात असं लिहिलेलं नाही, पण माझ्या मुलींना असंच लक्षात राहायचं. आणि ‘ऑल इअर्स’ म्हणजे जिवाचा कान करणं. बघ, आपलंही तेच आहे. परकी वाटते तितकी ती भाषा परकी नाही.

तुला कोरडा ठेवला म्हणतोस ते खरं आहे. तू रंगाच्या कामाला लागलास तेव्हा तेरा वर्षांचा होतास, आणि मी शिष्यवृत्तीच्या पैशानं पुस्तकं घेत होते. तेव्हा शिकवायला हवं होतं.

जुनी पत्रं मात्र नको वाचूस. साहेबाचं अक्षर किचकट, भाषा जुन्या वळणाची. नवख्यानं त्यात शिरू नये. त्यापेक्षा मी गोष्टींचं एक सोपं पुस्तक पाठवते आहे. डबा धुळीत ठेवू नकोस. माझ्याकडे पाठवून दिलास तर मी नीट ठेवीन.

रात्रीचं वाचन टाळ. डोळे जप.

ताई

२६ जून

ताई,

पुस्तक मिळालं. त्यातला ससा फार शहाणा आहे, मला नाही आवडला. मी डबाच उघडला.

आणि गंमत म्हणजे पहिलंच पत्र तेच निघालं. हिऱ्याचं. सहा ओळींचं तर आहे! अक्षर किचकट कुठलं, छापल्यासारखं आहे. मी नऊ वर्षांचा होतो, तरी मला ती संध्याकाळ स्वच्छ आठवते. बाबा कामावरून आले, हात न धुता खिशातून पाकीट काढलं आणि तुझ्यापुढे धरलं. साहेब महिनाभर दुसऱ्या शहरात होता. त्यानं बाबांना आधी कधी पत्र लिहिलं नव्हतं. एकोणीस वर्षं दोघांनी खाणाखुणांवर भिंगं घासली, चष्मे केले. बाबा आईला म्हणाले, ‘मुकादमाकडे कशाला जाऊ? घरात इंग्रजी वाचणारी आहे.’ केवढ्या तोऱ्यात म्हणाले होते! तू अकरा वर्षांची. शाळेत इंग्रजीत पहिली. उंबऱ्यावर बसून मोठ्यानं वाचलंस आणि अर्थ सांगितलास: काच कापायचा हिरा नाहीसा झालाय. कारखान्यातल्याच कुणीतरी घेतलाय. शेवटी माझा संशय तुमच्यावर. म्हणून तुम्हाला लिहितो आहे. सोमवारी येऊन भेटा.

बाबा सोमवारी गेले नाहीत. नंतर कधीच गेले नाहीत.

मी आता ते पत्र शब्दकोश घेऊन वाचलं. बाकीच्या ओळी जुळतात. एका ओळीशी अडलोय. ती अशी आहे: ‘यू आर द लास्ट मॅन आय वुड सस्पेक्ट.’ यात ‘वुड’ का आहे? संशय घेऊन झाला असेल तर सरळ ‘सस्पेक्ट’ म्हणायचं. आणि ‘लास्ट मॅन’ म्हणजे शेवटचा माणूस, मग बाकीच्यांवरही आधी संशय घेतला होता का?

वेळ झाला की सांग. घाई नाही.

ठोंब्या

९ जुलै

प्रिय ठोंब्या,

उत्तराला उशीर झाला, शेजारच्या मुलींची परीक्षा होती.

‘वुड’ हे क्रियापद फार नाजूक आहे. कधी सवय दाखवतं, कधी इच्छा, कधी नुसती सभ्यता. वरच्या लोकांना कडू गोष्ट सांगायची असली की ते ‘वुड’ घालून सांगतात, म्हणजे थोडी गोड होते. बाकी अर्थ संदर्भावरून लावायचा असतो. तेव्हा सांगितला तोच, थोडाफार.

तू एकेका वाक्याला असा अडत बसलास तर पुढे कसा जाणार? शब्दयोगी अव्ययांवर भर दे. ‘इन’, ‘ऑन’, ‘अ‍ॅट’ची वीस वाक्यं सोबत जोडली आहेत, भरून पाठव.

डबा पाठवायचं काय झालं?

ताई

३ ऑगस्ट

ताई,

तुझी वीस वाक्यं भरली. अठरा बरोबर असतील. सोबत जोडली आहेत, पण आज पत्र त्यासाठी नाही. तू बसून वाच.

परवा वर्गात बाईनं एका मुलाला गाणं म्हणायला सांगितलं. तो लाजला. बाई हसून म्हणाली, याला इंग्रजीत काय म्हणाल? ‘सिंगिंग इज द लास्ट थिंग आय वुड डू.’ मी विचारलं, म्हणजे तो सगळं आटपून शेवटी गाणार? सगळा वर्ग हसला. बाई म्हणाली, नाही काका, म्हणजे बाकी काय वाटेल ते करीन, पण गाणार नाही. यादीत सगळ्यात शेवटी, म्हणजे कधीच नाही.

वर्ग सुटल्यावर मी पाटी रंगवायच्या अक्षरात साहेबाचं वाक्य फळ्यावर लिहिलं आणि विचारलं. ती म्हणाली, ‘याचा अर्थ, जगात कुणावरही संशय घेईन, पण तुमच्यावर घेणार नाही. कुणी लिहिलंय हो? फार विश्वास होता त्या माणसाचा.’

ताई, साहेब बाबांची मदत मागत होता. एवढ्या माणसांत एकटे तेच भरवशाचे वाटले, म्हणून त्यांना लिहिलं होतं.

दुसरं पत्र दोन महिन्यांनंतरचं आहे. पाकीट सुरीनं नीट कापलेलं आहे. तुला वाचायला दिलं होतं का? मला तरी आठवत नाही. ते मला पुष्कळसं माझं मलाच लागलं. साहेब लिहितो: हिरा चाकाखालच्या फळीत सापडला. तुम्ही का गेलात कळत नाही. माझ्या हातून काही चुकलं का? तुमची जागा तशीच ठेवली आहे, वर्ष संपेपर्यंत ठेवीन.

आता तू रडत बसशील म्हणून आधीच सांगतो. तू अकरा वर्षांची पोर होतीस. शब्द तर सगळे बरोबर सांगितलेस. एकदा मनात बसलेला अर्थ मग निघत नाही, मास्तरीण झालं तरी. मी एका वह्या-पेनांच्या दुकानाची पाटी रंगवली, त्यात एक अक्षर चुकलं. पुढे वीस वर्षं त्याच रस्त्यानं गेलो, रोज ती पाटी पाहिली, मला चूक दिसली नाही. तसंच तुझं झालं. तुला माहीतच नव्हतं. तुझा काही दोष नाही.

दोष माझा आहे, आणि तो तुला माहीत नाही. माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं तेव्हा मुलीकडच्या कुणीतरी टोमणा मारला, हिरा घरात आहे की विकला? मी बावीस वर्षांचा होतो, रक्त गरम. घरी आलो. बाबा औषधाच्या कारखान्यातून बाटल्या धुऊन आलेले, चिरा पडलेल्या हातांना तेल लावत होते. मी विचारलं, ‘बाबा, एकदाच खरं सांगा. घेतला होता का?’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, ‘जेवून घे.’

त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी माझ्या हातून साधं पाणी मागितलं नाही. आणि मी मनात म्हणत आलो, घेतलाच असणार, नाहीतर नाही म्हणाले असते. चाळीस वर्षं मी माझ्या बापाला चोर समजलो, ताई.

ठोंब्या

१४ ऑगस्ट

प्रिय भाऊ,

पत्र पोचलं. तब्येत जरा बरी नाही, सविस्तर मागाहून लिहीन. वाक्यं तपासली. अठरा नव्हे, एकोणीस बरोबर आहेत.

ताई

६ सप्टेंबर

भाऊ,

तब्येत चांगली आहे. तीही थापच होती.

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. तू मला निर्दोष ठरवून मोकळा झालास, आणि मला फक्त गप्प बसायचं होतं. एवढं सोपं काम. मला त्याचा सरावही दांडगा आहे. पण तू शेवटी बाबांच्या पाण्याचं लिहिलंस आणि मला बसवेना.

मला माहीत होतं. आजपासून नाही, तू लिहिलंस तेव्हापासूनही नाही. मी एकोणीस वर्षांची असल्यापासून.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना सरांनी वाक्प्रचार शिकवायला घेतले होते. फळ्यावर लिहिलं, ‘ही इज द लास्ट पर्सन टु टेल अ लाय.’ म्हणाले, अर्थ सांगा. मी हात वर केला. नेहमी मीच करायची. उभी राहिले आणि म्हणाले, तो शेवटी खोटं बोलतो. सर म्हणाले, ‘चूक. तो कधीच खोटं बोलणार नाही.’ मी खाली बसले. मैत्रिणींना वाटलं, चुकल्याची लाज वाटली. मला साहेबाची सहा ओळींची चिठ्ठी दिसत होती, एकेक शब्द.

त्या दिवशी घरी येताना मी ठरवलं होतं, आल्या आल्या सांगायचं. बाबा ओट्यावर बसले होते. बोटांच्या चिरांत पांढरं मलम भरलं होतं. ज्या हातांनी केसाएवढा फरक भिंगात ओळखला ते हात. मला पाहून म्हणाले, ‘आलीस? आज काय नवीन शिकलीस?’

मी म्हणाले, ‘विशेष काही नाही.’

झालं. पहिल्या दिवशी नाही सांगितलं, म्हणून दुसऱ्या दिवशी सांगणं अवघड झालं. मग परीक्षा, मग नोकरी, मग तुझं लग्न, मग आईचं आजारपण. दर वेळी म्हणायची, आता सांगून काय उपयोग, कारखाना बंद झाला, साहेब गेला, उगाच त्यांना त्रास. त्रास त्यांना झाला नसता रे. त्यांचं मन हलकं झालं असतं. पण माझी ‘घरातली इंग्रजी वाचणारी’ ही जागा गेली असती. ती मला सोडवेना. बाबा गेले तेव्हा मी तीस वर्षांची होते. अकरा वर्षं मी त्यांच्यासमोर बसून जेवले.

दुसऱ्या पत्राचं मात्र मला ठाऊक नव्हतं. ते त्यांनी माझ्याकडे दिलंच नाही. पहिल्यात एवढं मिळाल्यावर दुसरं कशाला वाचून घेतील?

आणि तुझा हिशोब मी घालून पाहिला. तू बाबांना तो प्रश्न विचारलास तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. त्याच्या पाच वर्षं आधीपासून उत्तर माझ्याजवळ होतं. तुला एक वाक्य सांगितलं असतं, तर तू विचारलंच नसतंस. बाबांच्या आणि तुझ्यामध्ये जे झालं ते तू केलं नाहीस, मी केलं. तू बापाला चोर समजलास तो अपराध तुझा म्हणून लिहिलास. तो माझ्या नावावर कर.

जुलैत तुला ‘वुड’ म्हणजे नुसती सभ्यता असं लिहिलं. डबा मागितला तो जपून ठेवायला नाही, तुझ्या हातातून काढून घ्यायला. तेहेतीस वर्षं मुलींना सांगत आले, येत नसेल तर येत नाही म्हणा, खोटं उत्तर लिहू नका.

क्षमा कर असं कुठल्या तोंडानं लिहू? काय लिहायचं ते तू लिही. नाही लिहिलंस तरी समजेन.

ताई

२ नोव्हेंबर

ताई,

लिहायचं नव्हतं. दोन महिने लिहिलं नाही ते वेळ नव्हता म्हणून नाही. बायको रोज विचारायची, काय झालंय. सांगितलं नाही. वर्गाला गेलो नाही. बाईचे दोन निरोप आले.

चूक पोटात घालावी म्हणतात. अकरा वर्षांच्या पोरीची मी कधीच घातली. एकोणीस वर्षांच्या बाईची घालायला माझं पोट पुरत नाही. खोटं कशाला बोलू? रात्री उठून बसतो आणि ते ‘जेवून घे’ ऐकू येतं. तुझ्या एका वाक्यानं ते टळलं असतं. तू लिहिलंस म्हणून मला कळलं, हेही खरं. पण म्हणून राग जात नाही. जाईल तेव्हा जाईल.

आज लिहितोय ते वेगळ्या कारणानं. तो डबा तुला पाठवून द्यायचा आणि मोकळं व्हायचं म्हणून मी तो रिकामा केला. तळाला वर्तमानपत्र चिकटवलेलं होतं. ते गंजानं माखलं होतं, सोलून काढलं. त्याखाली एक घडी केलेला कागद निघाला. मराठीत आहे, कुणातरी कारकुनाच्या वळणदार हातचा. वर तारीख आहे. साहेबाच्या पत्रानंतर दोन वर्षांची.

त्यात दोन्ही पत्रांचं भाषांतर आहे. बरोबर भाषांतर. पहिल्या पत्रातली ती ओळ अशी लिहिली आहे: ‘मी दुनियेत कोणावरही संशय घेईन, परंतु तुमच्यावर घेणार नाही.’

ताई, बाबांना माहीत होतं. तू तेरा वर्षांची असल्यापासून. का विचारून घेतलं, कुणाकडून, देव जाणे. तोवर साहेब त्याच्या देशी परत गेला होता, कारखान्याच्या दाराला कुलूप होतं. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

कागदाच्या मागे बाबांच्या अक्षरात एक ओळ आहे. त्यांचं अक्षर तुला आठवतं, एकेक वीट ठेवल्यासारखं. ‘थोरलीला कळू देऊ नये. शिकायची थांबेल.’

आधी वाटलं, हे तुला कळवू नये. मग मनात म्हटलं, या घरात एकमेकांपासून लपवायचं पुष्कळ झालं. कागद सोबत पाठवतोय. नक्कल नाही, मूळचा. मी पाठ केलाय.

भाऊ

११ नोव्हेंबर

भाऊ,

कागद मिळाला. तुझं पाकीट उघडलं आणि बाबांचं अक्षर दिसलं तेव्हा मी उभी होते. उभ्यानंच ती ओळ तीनदा वाचली.

तू लिहितोस, राग जाईल तेव्हा जाईल. जाऊ दे हळूहळू. मला त्याची घाई नाही, आणि तो हक्क तर नाहीच नाही.

एक गोष्ट तुला सांगायची आहे. ती मी आजवर कुणाला सांगितली नाही, कारण तिच्यात सांगण्यासारखं काही आहे हे मला कालपर्यंत कळलंच नव्हतं.

माझा कॉलेजचा शेवटचा निकाल लागला, त्या दिवशी तू कामावर होतास. इंग्रजीत मी पहिली आले होते. बाबांनी निकालाचा कागद हातात घेतला. वाचता येत नव्हता, तरी उजेडाकडे धरून भिंगासारखा पाहिला. मग घडी करून मला परत दिला आणि म्हणाले, ‘आता सगळं नीट कळतं ना तुला इंग्रजीतलं?’

मी म्हणाले, ‘हो, बाबा.’

‘पूर्वी न कळलेलंही?’

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, ‘पूर्वीचं सगळंच कळत होतं.’

त्यांनी चपला पायात सरकवल्या. मग म्हणाले, ‘बरं.’ आणि कामाला निघून गेले.

मला वाटायचं, बापाचं साधं कौतुक होतं ते. ते दार उघडून उभे होते रे. माझं शिक्षण संपलं होतं, आता थांबायची भीती नव्हती. मी एक शब्द बोलले असते तर आम्ही दोघं सुटलो असतो. मी ते दार लावून घेतलं, आणि त्यांनी ते माझ्यासाठी आणखी नऊ वर्षं लावून ठेवलं.

शनिवारी दुपारच्या गाडीनं येते आहे. मुक्कामाला ठेवायचं की बसस्टँडवरूनच परत पाठवायचं ते तू ठरव. सुनेला, मुलीला, नातवाला फोनवर, सगळ्यांना बसवून मला सांगायचं आहे की आपल्या बाबांनी काही चोरलं नव्हतं, आणि साहेबानं तसं म्हटलंही नव्हतं. साहेब तसं म्हणतो असं मी सांगितलं होतं. नातवाला मी इंग्रजीत सांगेन. चुकले तर तू मला तिथेच थांबव.

ताई